गुपित कोणाचे, आणि किती काळ?

1986 साली फ्लॉरिडातल्या शार्लट काउंटीत मायकेल स्मिथ नावाच्या बातमीदाराला ग्रँड ज्युरीपुढे साक्षीसाठी बोलावणे आले. तो ‘शार्लट हेरल्ड-न्यूज’ या स्थानिक वृत्तपत्रात काम करत होता. तिथल्या सरकारी वकिलाच्या कचेरीत आणि शेरीफच्या खात्यात गैरप्रकार झाल्याचे आरोप होते, आणि बातमीदारी करताना स्मिथला त्यांची माहिती मिळाली होती. त्याने साक्ष दिली. त्या वेळी त्याला बजावण्यात आले की, इथे जे सांगितले ते बाहेर कोणालाही सांगायचे नाही. सांगितले तर तो फौजदारी गुन्हा ठरेल. पुढे तपास संपला, ज्युरीची मुदतही संपली. स्मिथला आता या प्रकरणावर बातमी लिहायची होती, जमल्यास पुस्तकही करायचे होते. पण फ्लॉरिडाच्या कायद्याने घातलेल्या बंदीला मुदत नव्हती. स्वतः हिंडून, माणसांना भेटून जमवलेली माहिती त्या बंद खोलीत एकदा उच्चारली, आणि तेवढ्याने ती छापणे त्याच्यासाठी आयुष्यभराचा धोका होऊन बसले.

स्मिथ न्यायालयात गेला. पहिल्या पायरीवर हरला, अपिलात जिंकला, आणि 21 मार्च 1990 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. ‘बटरवर्थ विरुद्ध स्मिथ’ या नावाने तो ओळखला जातो. बटरवर्थ हे फ्लॉरिडाचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल. पुढच्या पानांतली बरीचशी चर्चा या निकालाभोवती फिरते. तो लहान आहे, भाषा साधी आहे, आणि त्याने जेवढे प्रश्न सोडवले त्याहून अधिक मागे ठेवले आहेत. वाचकाने त्याच्याकडे वळण्याआधी ग्रँड ज्युरी म्हणजे काय आणि तिच्याभोवती इतकी गुप्तता का, हे नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे ही संस्था लोकांच्या आठवणीतूनही गेली आहे. एके काळी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ग्रँड ज्युरी बसत असे. 1832च्या कायद्याने हिंदी माणसांना तीत बसण्याची वाट मोकळी झाली, आणि 1865 साली उच्च न्यायालयांतून ती रद्दही झाली. खुद्द इंग्लंडने 1933 मध्ये तिला जवळजवळ निरोप दिला. अमेरिकेत मात्र ती राज्यघटनेत आहे. 1791 च्या पाचव्या घटनादुरुस्तीनुसार गंभीर गुन्ह्याचा संघराज्यीय खटला ग्रँड ज्युरीच्या संमतीशिवाय उभाच राहत नाही.

माणूस दोषी की निर्दोष हे ग्रँड ज्युरी ठरवत नाही. त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावा आहे का, एवढेच ती पाहते. संघराज्यीय ग्रँड ज्युरीत 16 ते 23 सामान्य नागरिक असतात आणि आरोपपत्रासाठी 12 मते लागतात. खोलीत न्यायाधीश नसतो. ज्याच्याविरुद्ध चौकशी चालली आहे त्याचा वकील नसतो. साक्षीदाराला स्वतःचा वकीलही आत नेता येत नाही. सल्ला हवा असेल तर उठून बाहेर जावे लागते. सरकारी वकील साक्षीदार बोलावतो, प्रश्न विचारतो, कायदा समजावतो आणि शेवटी ज्युरीपुढे आरोपाचा मसुदा ठेवतो. एकाच बाजूच्या हाती इतकी सूत्रे असतात म्हणून या खोलीतली गुप्तता नेमकी कोणाच्या कामी येते, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

गुप्ततेच्या बाजूची कारणे भक्कम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1979 च्या ‘डग्लस ऑइल’ खटल्यात ती मांडली. साक्षी उघड होणार असतील तर साक्षीदार पुढे येणार नाहीत, आले तरी मोकळेपणाने बोलणार नाहीत. ज्याच्यावर आरोप येऊ घातला आहे तो पळून जाईल किंवा ज्युरीतल्या माणसांवर दबाव आणेल. आणि चौकशीअंती ज्याच्याविरुद्ध काहीच निघाले नाही, त्याची उगाच बेअब्रू होणार नाही. हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संशयाची बातमी पहिल्या पानावर येते आणि निर्दोषत्वाची आतल्या पानावरही येत नाही, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

पण या गुप्ततेचा जन्म वेगळ्या भीतीतून झाला, आणि तो इतिहास विसरला की सगळी चर्चा भरकटते. ग्रँड ज्युरीचे मूळ 1166 च्या, दुसऱ्या हेन्रीच्या क्लॅरेंडनच्या फर्मानात सापडते. तिथे ती राजाचेच हत्यार होती: गावातल्या माणसांनी शपथेवर आपल्यातल्या गुन्हेगारांची नावे सांगायची. ती राजाविरुद्ध उभी राहू शकते हे लोकांना दिसले ते 1681 च्या लंडनमध्ये. त्या उन्हाळ्यात स्टीफन कॉलेज या सुतारावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. राजाविरुद्ध उघडपणे बोलणारा, उपहासाची गाणी पसरवणारा म्हणून तो प्रसिद्ध होता. लंडनच्या ग्रँड ज्युरीने आरोपपत्र नाकारले. सरकारने खटला ऑक्सफर्डला हलवला, तिथे सोयीची ज्युरी मिळाली, आणि ऑगस्टच्या अखेरीस कॉलेज फासावर गेला. नोव्हेंबरात विरोधी पक्षाचा पुढारी अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी याची पाळी आली. ज्युरीने मागणी केली की साक्षी आम्हाला एकांतात तपासू द्या. राजाच्या न्यायाधीशांनी ती धुडकावली; साक्षी भर न्यायालयात, राजाच्या माणसांच्या नजरेखाली झाल्या. तरीही ज्युरीने आरोपपत्र फेटाळले आणि लंडनच्या रस्त्यांत लोकांनी आनंदाने होळ्या पेटवल्या.

या प्रसंगात कोण कोणत्या बाजूला उभे आहे ते वाचकाने थांबून पाहावे. सरकारला उघडपणा हवा आहे, नागरिकांना एकांत. सत्तेची नजर चुकवून नागरिकांना निर्भयपणे निर्णय घेता यावा म्हणून गुप्तता मागितली जात आहे. पुढे न्यूयॉर्कमध्येही ग्रँड ज्युरी अशीच ठाम राहिली. गव्हर्नर विल्यम कॉस्बीवर टीका छापणाऱ्या जॉन पीटर झेंगर या मुद्रकावर आरोप ठेवायला 1734 मध्ये दोन ग्रँड ज्युरींनी नकार दिला. सरकारला ज्युरीला वळसा घालून दुसऱ्या मार्गाने खटला भरावा लागला, आणि 1735 मध्ये झेंगर सुटला. म्हणजे ग्रँड ज्युरी आणि मुद्रणस्वातंत्र्य यांची सुरुवातीची वाटचाल बरोबरीने झाली. स्मिथच्या प्रकरणात तीच ग्रँड ज्युरी बातमीदाराचे तोंड बंद करण्यासाठी वापरली जात होती, आणि तीही सरकारी वकिलाच्याच कचेरीवरच्या आरोपांबाबत. अडीच-तीनशे वर्षांत गुप्ततेची मालकी नागरिकांकडून सरकारकडे कशी सरकली, हा मला या विषयाचा गाभा वाटतो.

सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालाची दिशा सरळ आहे. ज्युरीची मुदत संपल्यावर कोणी पळून जाण्याचा, कोणावर दबाव येण्याचा प्रश्न उरत नाही. उरते ती निर्दोष व्यक्तीची अब्रू आणि पुढच्या साक्षीदारांची भीती. एखाद्याच्या प्रतिष्ठेला जपण्यासाठी खरी माहिती छापण्यावर बंदी घालणे पहिल्या घटनादुरुस्तीपुढे टिकत नाही. स्मिथला जे सांगायचे होते ते त्याला साक्षीआधीच ठाऊक होते, ज्युरीने ते त्याला दिलेले नव्हते. शिवाय ते सरकारी अधिकाऱ्यांच्या वर्तनाबद्दल होते, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अगदी मध्यभागी येणारे. निकालात एक धोकाही नोंदवला आहे: असा कायदा असेल तर अधिकाऱ्यांचे गैरकृत्य माहीत असलेल्या माणसाला साक्षीला बोलावून गप्प करता येईल.

हा धोका किती खरा आहे ते आणखी एका निकालाशेजारी ठेवल्यावर कळते. 1972 च्या ‘ब्रँझबर्ग विरुद्ध हेज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की ग्रँड ज्युरीने बोलावल्यावर बातमीदाराला साक्ष नाकारता येणार नाही, स्रोत गुप्त ठेवण्याचे वचन दिले असले तरी. 2005 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ज्युडिथ मिलर यांनी साक्ष नाकारली आणि 85 दिवस तुरुंगात काढले. आता ब्रँझबर्ग आणि फ्लॉरिडाचा जुना कायदा एकत्र वाचा. बातमीदाराने आत जायलाच हवे, बोलायलाच हवे, आणि बोलल्यावर कायमचे मौन पाळायला हवे. बोलण्याची सक्ती आणि न बोलण्याची सक्ती एकाच माणसावर, एकाच माहितीबद्दल. रेनक्विस्ट हे काही वृत्तपत्रांची कड घेणारे न्यायाधीश नव्हते. ब्रँझबर्गमध्ये ते बातमीदारांविरुद्धच्या बाजूला होते. त्यांनाही ही कोंडी मान्य झाली नाही, याला माझ्या लेखी फार वजन आहे.

संघराज्यीय न्यायालयांत हा प्रश्न मुळातच नाही. तिथल्या फौजदारी कार्यपद्धतीचा सहावा नियम ज्युरीतल्या सदस्यांना, सरकारी वकिलांना, लघुलेखकांना गुप्ततेने बांधतो, साक्षीदाराला बांधत नाही. 17 ऑगस्ट 1998 रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधून ग्रँड ज्युरीला साक्ष दिली आणि त्याच रात्री दूरचित्रवाणीवर देशाला उद्देशून तिच्याबद्दल भाषण केले. मिलर तुरुंगात होत्या त्याच उन्हाळ्यात, त्याच प्रकरणात, ‘टाइम’चे मॅथ्यू कूपर यांनी साक्ष दिली आणि ग्रँड ज्युरीला मी काय सांगितले, या मथळ्याचाच लेख लिहिला. त्या व्यवस्थेत ग्रँड ज्युरी मोडून पडलेली नाही.

तरी दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मला अजूनही अस्वस्थ करतो. साक्षीदार बोलायला मोकळा असेल, तर त्याला बोलायला भागही पाडता येते. गावगुंडाच्या टोळीविरुद्ध चौकशी चालू आहे, दुकानदार साक्ष देऊन आला आहे, आणि संध्याकाळी दोन माणसे दारात उभी राहून विचारतात: आत काय बोललास? कायद्याने मनाई असेल तर त्या दुकानदाराला निदान एक आधार असतो, ‘मला सांगता येत नाही’ असे म्हणण्याचा. पहिल्या घटनादुरुस्तीच्या उत्साहात लिहिणारे पुष्कळ जण या दुकानदाराला विसरतात. तपास चालू असताना साक्षीदारावरही मौन असावे, हे मला पटते ते त्याच्यामुळे. पण तपास संपल्यावर, ज्युरी घरी गेल्यावर, मौन पाळायचे की नाही हे त्या दुकानदाराने ठरवावे, सरकारने नव्हे.

‘बटरवर्थ’ने एक बारीक फट ठेवली होती, आणि न्यायमूर्ती स्कालिया यांनी वेगळ्या टिपणात ती दाखवून दिली. आपल्याला जे ठाऊक होते ते सांगणे वेगळे. आत कोणते प्रश्न विचारले गेले, आपण कोणते उत्तर दिले, हे सांगणे वेगळे. 2003 मध्ये संघराज्याच्या दहाव्या सर्किट न्यायालयाने याच फरकावर बोट ठेवले. कोलोरॅडोतल्या एका न उलगडलेल्या बालहत्येच्या प्रकरणात साक्ष दिलेल्या बाईंना पुस्तक लिहायचे होते. न्यायालयाने सांगितले की तुम्हाला जे मुळात माहीत आहे ते जरूर लिहा, ग्रँड ज्युरीपुढे काय घडले ते लिहू नका. कागदावर ही रेषा स्वच्छ दिसते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती फारशी उपयोगाची नाही. सरकारी वकिलाने कोणते प्रश्न विचारलेच नाहीत, ही कित्येकदा साक्षीदाराकडची सर्वांत महत्त्वाची बातमी असते, आणि ती नेमकी रेषेच्या पलीकडे पडते.

गुप्तता मोडणाऱ्यांत साक्षीदार क्वचित असतात, हेही लक्षात ठेवावे. खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या ‘बाल्को’ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या प्रकरणात 2004 मध्ये बेसबॉलपटूंच्या साक्षी ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये छापून आल्या. स्रोत सांगायला नकार दिल्याबद्दल दोन बातमीदारांना 18 महिन्यांपर्यंत कैद फर्मावली गेली. ती भोगावी लागली नाही, कारण फोडणारा सापडला. तो आरोपी पक्षाचाच वकील होता. त्याने बातमीदाराला कागद दाखवले, आणि साक्षी फुटल्या म्हणून खटला रद्द करा असा अर्जही न्यायालयात केला.

खरी अवघड जागा ज्युरीतल्या सदस्यांची आहे. साक्षीदार आपली माहिती घेऊन आत येतो. सदस्याला जे कळते ते आतच कळते, आणि त्याने मौनाची शपथ घेतलेली असते. 9 ऑगस्ट 2014 रोजी मिझुरीतल्या फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. बारा जणांच्या ग्रँड ज्युरीने 25 दिवस बसून 60 साक्षीदार ऐकले आणि खटला न भरण्याचे ठरवले. सरकारी वकील रॉबर्ट मॅक्युलॉक यांनी 24 नोव्हेंबरला तो निर्णय पत्रकार परिषदेत जाहीर केला आणि साक्षींचे हजारो पानांचे कागदही खुले केले. जानेवारीत एका सदस्याने नाव न देता दावा लावला. ज्युरीच्या मताचे जे चित्र लोकांपुढे उभे केले गेले ते बरोबर नाही, हा पुरावा आमच्यापुढे इतर प्रकरणांपेक्षा निराळ्या पद्धतीने मांडला गेला, आणि मला त्यावर बोलायचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. राज्याच्या आणि संघराज्याच्या न्यायालयांतून पाच वर्षांहून अधिक काळ हा वाद फिरला. 2020 मध्ये आठव्या सर्किटने तो फेटाळला.

त्याच वर्षी केंटकीत उलट घडले. 13 मार्च 2020 च्या रात्री लुइव्हिलमध्ये ब्रिओना टेलर आपल्याच घरात पोलिसांच्या गोळ्यांनी मरण पावली. सप्टेंबरात राज्याचे ॲटर्नी जनरल डॅनियल कॅमेरॉन यांनी सांगितले की तिच्यावर गोळ्या झाडणाऱ्या दोन पोलिसांची कृती समर्थनीय होती हे ग्रँड ज्युरीला मान्य झाले. आरोप ठेवला गेला तो तिसऱ्या पोलिसावर, शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल. एका सदस्याने बोलण्याची परवानगी मागितली. न्यायाधीश ॲनी ओकॉनेल यांनी 20 ऑक्टोबरला ती दिली. मग त्या सदस्याने सांगितले की मनुष्यवधाचे आरोप आमच्यापुढे कधी ठेवलेच गेले नव्हते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावर माझे मत मी लपवू इच्छित नाही. कोणत्या सदस्याने कसे मत दिले, चर्चेत कोण काय बोलले, हे कायम गुप्त राहावे. नाहीतर नागरिक ज्युरीत निर्भयपणे बसणार नाहीत. 2023 मध्ये जॉर्जियातल्या एका विशेष ग्रँड ज्युरीच्या प्रमुख बाई मुलाखतींतून मोकळेपणाने बोलू लागल्या तेव्हा त्यांच्यावर झालेली टीका मला अस्थानी वाटली नाही. पण सरकारी वकील स्वतः व्यासपीठावर उभा राहून ज्युरीच्या नावाने बोलतो, तेव्हा त्याने गुप्ततेचा पडदा आपल्या हाताने बाजूला केलेला असतो. त्यानंतर ‘आमच्यापुढे काय ठेवले गेले आणि काय नाही’ एवढे सांगण्याचा हक्क त्या बारा जणांना असलाच पाहिजे. मिझुरीचा निकाल मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

आणि काळाचे काय? 25 जुलै 1946 रोजी जॉर्जियात मूर्स फोर्ड पुलाजवळ दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावाने गोळ्या घालून ठार केले. ग्रँड ज्युरीने सोळा दिवस साक्षी घेतल्या. मारेकऱ्यांपैकी एकावरही खुनाचा आरोप ठेवला गेला नाही. इतिहासकार अँथनी पिच यांनी ते कागद मागितले. ते खटला चालू असतानाच वारले, आणि 2020 मध्ये अकराव्या सर्किटने आठ विरुद्ध चार मतांनी ठरवले की केवळ ऐतिहासिक महत्त्वासाठी गुप्तता उठवण्याचा अधिकार न्यायालयांना नाही. रोझेनबर्ग दांपत्याच्या हेरगिरीच्या प्रकरणातल्या आणि माजी अध्यक्ष निक्सन यांच्या साक्षींचे कागद त्याआधी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या न्यायालयांनी खुले केले होते. चौऱ्याहत्तर वर्षांनी ती गुप्तता आता कोणाचे रक्षण करते, याचे समाधानकारक उत्तर मला त्या निकालात मिळाले नाही.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये, याला मुंबईतलेच एक कारण आहे. उद्योगपती ठाकरसी यांनी ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. एका साक्षीदाराने तक्रार केली की आधीची साक्ष छापून आल्याने माझ्या धंद्याचे नुकसान झाले. ऑक्टोबर 1964 मध्ये न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी तोंडी आदेश दिला की त्याची पुढची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये. पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू झालेले तारकुंडे ते हेच. ‘ब्लिट्झ’चे बातमीदार नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 1966 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने आदेश कायम ठेवला. मुख्य निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा, भिन्नमत हिदायतुल्लांचे. फ्लॉरिडात साक्षीदाराला बोलायचे होते आणि सरकारला मौन हवे होते. मुंबईत साक्षीदारालाच मौन हवे होते आणि पत्रकारांना छापायचे होते. फ्लॉरिडातली खोली बंद होती, मुंबईतले न्यायालय उघडे होते, म्हणून हिदायतुल्लांचे भिन्नमत मला अधिक सबळ वाटते.

मिरजकर निकालाचा आधार घेतच 2012 मध्ये ‘सहारा विरुद्ध सेबी’ प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने आपल्याकडचा नियम आखून दिला: न्यायप्रक्रियेला खरा आणि मोठा धोका असेल तर न्यायालय प्रसिद्धी लांबणीवर टाकू शकते, पण दुसरा उपाय नसेल तेव्हाच, आणि थोड्या काळासाठीच. स्मिथच्या निकालात ज्युरीची मुदत संपण्याला जे महत्त्व आहे, तेच इथे त्या थोड्या काळाला आहे. पुढच्या पानांत वाचकाला अनेक निकाल भेटतील, काही परस्परविरोधी. प्रत्येकाच्या तळाशी एकच गोष्ट शोधत जावी अशी माझी विनंती आहे: न्यायालयाने घातलेले मौन कोणत्या दिवशी संपते, आणि तो दिवस ठरवण्याचा अधिकार कोणाला दिला आहे.